कणा : खांब, माळ की डोलकाठी?

पाठ दुखायला लागली की आपण गादी बदलतो, खुर्ची बदलतो, वेळ पडली तर डॉक्टरही बदलतो. बदलायचं राहून जातं ते एकच. आपल्या डोक्यातलं पाठीचं चित्र!

तुमच्या ऑफिसात एक तरी ‘गॅप’वाला असणारच. खाली पडलेलं पेन तो स्वतः उचलत नाही. ‘मणक्यात गॅप आहे यार’ म्हणत तो तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही निमूटपणे वाकता. पलीकडच्या क्यूबिकलमध्ये एकीची ‘गादी सरकलेली’ असते. अकाउंट्समध्ये कुणाची तरी ‘नस दबलेली’ असते.

गंमत बघा. गॅप, गादी, नस... यातला एकही शब्द किती दुखतंय, कधी दुखतंय हे सांगत नाही. तो सांगतो आत काय बिघडलंय याचं एक चित्र. इंजिनीअर मंडळी अशा चित्राला ‘मॉडेल’ म्हणतात. म्हणजे आपण सगळेच खिशात मोबाइल आणि डोक्यात कण्याचं एक मॉडेल घेऊन फिरत असतो. आणि पाठ कशी वापरायची, वाकायचं की नाही, उचलायचं की नाही, हे आपण त्या मॉडेलला विचारून ठरवतो.

प्रश्न एवढाच आहे की ते मॉडेल बरोबर आहे का? विषय किरकोळ नाही. २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. म्हणून मी ठरवलं की या वेळी खुर्च्या आणि उशांचा नाद सोडायचा आणि कण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याची कोणकोणती चित्रं काढली ते शोधायचं. चला तर मग, एकेक चित्र बघू या.

खांब

‘ताठ बस!’ शाळेतल्या बाईंपासून ते लग्न जमवणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांनी आपल्याला हे ऐकवलेलं असतं. त्यामागचं चित्र खांबाचं आहे. एकावर एक रचलेले मणके आणि वर डोकं. खांब सरळ असला की इमारत उभी, वाकला की संपलं!

आता जरा हिशोब करू. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५, असे २४ सुटे मणके. त्याखाली जोडले गेलेलं त्रिकास्थी आणि माकडहाड. मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या. आणि या सगळ्याच्या टोकावर साधारण पाच किलोंचं डोकं.

उंच, सडपातळ खांबावर वरून वजन दिलं तर तो कधी वाकून कोसळेल, याचं गणित लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. एका क्षणी ती टपकन बाजूला वाकते ना, तेच. १९६१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ल्यूकस आणि ब्रेस्लर यांनी हीच परीक्षा खऱ्या कण्याची घेतली. मृतदेहातला कणा, स्नायू काढून टाकलेले, हाडं, गाद्या आणि लिगामेंट शाबूत. खालचं टोक पक्कं बसवलं आणि वरून वजन द्यायला सुरुवात केली. किती वजनाला तो वाकून गेला असेल?

दोन किलो! वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या दोन पिशव्या. आपलं नुसतं डोकंच त्याच्या दुपटीहून जड आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात फक्त कमरेच्या पाच मणक्यांवर असाच प्रयोग झाला. तो आकडा निघाला नऊ किलोंच्या आसपास.

थोडक्यात, खांब म्हणून बघायचं तर आपला कणा सपशेल नापास. तरीही मार्केट यार्डातला हमाल पन्नास किलोंचं पोतं पाठीवर घेऊन भराभरा चालतो. म्हणजे चूक कण्याची नाही, चित्राची आहे.

तरफ

दुसरं चित्र त्याहून जुनं आहे. जिओव्हानी बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ १६८० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्यात त्याने शरीराकडे तरफांचं यंत्र म्हणून पाहिलं आणि एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. आपण जेवढं वजन उचलतो त्याच्या कितीतरी पट जोर स्नायूंना लावावा लागतो. का? कारण स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात आणि वजन मात्र लांब असतं.

ऑफिसातला पाण्याचा वीस लिटरचा जार घ्या. वीस किलो. तुम्ही वाकून तो उचलताय. कमरेच्या खालच्या गादीपासून जार समजा ४० सेंटिमीटर पुढे आहे. तुमचं धड, डोकं आणि हात मिळून ३५ किलो, आणि त्यांचा भार २५ सेंटिमीटर पुढे. हे सगळं मागून ओढून धरणारे पाठीचे स्नायू गादीपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. तराजूची एक दांडी लांबलचक आणि दुसरी आखूड! हिशोब केला तर स्नायूंना लावावा लागणारा जोर येतो ३३५ किलोंचा. त्यात वरचं वजन मिळवलं की गादीवर भार जवळपास ३९० किलो. एक छोटी बाइक आणि तिच्यावर तिघं जण!

आता तोच जार पोटाशी घ्या, म्हणजे अंतर ४० ऐवजी २० सेंटिमीटर. भार उतरतो ३१० किलोंवर. जार तोच, पाठ तीच, फक्त अंतर बदललं. अमेरिकेतल्या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेने १९८१ मध्ये काळजी घ्यायची पातळी म्हणून जो आकडा ठरवला, तो ३४०० न्यूटन म्हणजे साधारण ३५० किलोंचा आहे. आपलं उदाहरण ढोबळ आहे, पण जार कुठे धरला यावर तुम्ही रेषेच्या अलीकडे राहता की पलीकडे जाता, हे त्यातून कळतं.

तरफेचं चित्र खांबापेक्षा बरंच शहाणं आहे. मात्र एक शंका उरते. हे सगळं कागदावरचं. जिवंत माणसाच्या आत खरंच असं होतं का?

सुई

हे बघायला एकच मार्ग होता. थेट गादीत शिरायचं! स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आल्फ नाकेमसन या अस्थिशल्यविशारदाने १९६० च्या दशकात ते केलं. जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून त्याने आतला दाब मोजला. उभं राहिल्यावरचा दाब १०० धरला, तर पाठीवर झोपल्यावर २५ आणि बसल्यावर १४०. ‘बसणं उभं राहण्यापेक्षा वाईट’ हे वाक्य तुम्ही जिथे कुठे वाचलं असेल, तिथे त्याचा एक उगम हा.

पुढची उडी १९९९ ची. जर्मनीतल्या उल्म इथल्या हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारा सेन्सर बसवला. तो घेऊन हा गडी साधारण दिवसभर बसला, चालला, वजन उचललं, झोपलासुद्धा. निकाल? सहज, न टेकता बसल्यावरचा दाब उभं राहण्याइतकाच, किंबहुना किंचित कमी निघाला. खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर तर त्याहून बराच कमी! बॉसला नेमकं जे खटकतं, त्याच बसण्यात गादी निवांत होती. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, त्यामुळे लगेच नाचू नका. पण ‘बसला की संपला’ हे पुन्हा तपासावं लागेल, एवढं नक्की. (आकडे चौकटीत बघा.)

माळ

आता आपल्या मूळ कोड्याकडे येऊ. स्नायू नसताना दोन किलोंना कोसळणारा कणा, स्नायू असताना शेकडो किलोंचा भार कसा पेलतो?

उत्तर आपल्या भाषेतच दडलंय. मणका म्हणजे मणीच की! मण्यांची माळ सैल धरली तर लुळी पडते. दोरा ओढून ताणला तर तीच माळ काठीसारखी टणक होते. लहानपणी बुडाशी बटण दाबलं की कोसळणारा आणि सोडलं की टुणकन उभा राहणारा लाकडी जिराफ आठवतोय? सगळी जादू दोऱ्याच्या ताणाची. (जाता जाता : खऱ्या जिराफाच्या मानेतही आपल्यासारखे सातच मणके असतात.)

अगदी हेच शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या अविनाश पटवर्धन (आडनाव ओळखीचं वाटतंय ना?) आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. कमरेच्या कण्यावर नुसतं वरून सरळ वजन दिलं की तो दहाएक किलोंना वाकायचा. मग त्यांनी मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी, कण्याच्या वळणाला धरून जाणाऱ्या तारा ओवल्या आणि भार त्या तारांमधून दिला. आता तोच कणा १२० किलोंपर्यंतचा भार घेऊनही उभा! या पद्धतीला ‘फॉलोअर लोड’ म्हणतात, वळणाच्या मागे मागे जाणारा भार. शरीरात या तारांचं काम स्नायू करतात. आणि मुख्य म्हणजे कण्याचं वळण तिथे दोष ठरलं नाही. भार त्या वळणावरूनच गेला.

तसंही ते वळण आपण कमावलेलंच असतं. जन्मतः बाळाची पाठ इंग्रजी ‘सी’सारखी गोल असते. बाळ मान धरायला लागतं तेव्हा मानेचा बाक स्पष्ट होतो आणि उभं राहून चालायला लागलं की कमरेचा. फूटपट्टीसारखा सरळ कणा हा आदर्श नव्हेच.

येलमधले भारतीय वंशाचे संशोधक मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये हे चित्र पूर्ण केलं. त्यांच्या मते कण्याची स्थिरता तीन भिडूंवर चालते. एक, हाडं, गाद्या आणि लिगामेंट. दोन, स्नायू. आणि तीन, कुठला दोर कधी किती ओढायचा हे क्षणाक्षणाला ठरवणारी मज्जासंस्था. एक भिडू थोडा कमी पडला तर बाकीचे दोघं सांभाळून घेतात.

मला विचाराल तर मी याला डोलकाठीचं चित्र म्हणेन. गलबताची डोलकाठी एकटीच्या जोरावर उभी नसते. चारी बाजूंनी ताणलेले दोर तिला धरून ठेवतात आणि वारा फिरला की खलाशी दोर सैल-घट्ट करतात. आपल्याकडे मोठं काम अंगावर घ्यायचं तर ‘कंबर कसतात’. दोर आवळणं म्हणजे दुसरं काय?

फोटो

आता या सगळ्याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध? सांगते. माझा एक मित्र आहे. २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत. महिनाभर कंबर दुखली म्हणून त्याने एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये छापून आलं : एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज, डिजनरेटिव्ह चेंजेस. झालं! त्या दिवसापासून त्याने अडीच वर्षांच्या लेकीला उचलणं बंद केलं. ती हात वर करून समोर आली की हा सोफ्यावर बसून घ्यायचा. काही दिवसांनी आलेल्या-गेलेल्यांना तीच सांगू लागली, ‘मला उचलायला नाही सांगायचं, बाबाची पाठ मोडेल.’

दुखणं तर महिन्याभरात बरंचसं ओसरलं होतं. पण डोक्यातला खांब तडकला होता, त्याचं काय?

या ‘फोटो’मागेही एक इतिहास आहे. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवलं की गादीचा भाग बाहेर येऊन नस दाबली जाते आणि त्यातून पायात कळ जाते. शोध मोलाचा होता, आजही आहे. पण पुढे पुढे जवळपास प्रत्येक पाठदुखीचं खापर गादीवर फोडायची सवय लागली.

२०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३११० लोकांचे स्कॅन. वयाच्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली आणि ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या. ऐंशीच्या घरात हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के! दुखत नसताना, बरं का. म्हणजे रिपोर्टमधले बरेच भारदस्त शब्द केसांत दिसणाऱ्या चंदेरी तारेसारखे आहेत. खरे आहेत, पण दर वेळी आजार नव्हेत. माझ्या मित्राला त्याच्या फिजिओथेरपिस्टने नेमकं हेच समजावलं आणि मग आधी दोन किलोंच्या तांदळापासून सुरुवात करून उचलायला लावलं. दोन महिन्यांनी लेक पुन्हा कडेवर.

असंच मोबाइलचं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर गणित मांडलं : मान ६० अंश झुकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो. बातमी जगभर गाजली. गणितात बोरेल्लीचीच तरफ होती. पण मॉडेलला भार कळतो, दुखणं कळत नाही. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांचा अभ्यास झाला, तेव्हा मोबाइलवर मान झुकवण्याचा आणि मानदुखीचा संबंध सापडला नाही. म्हणजे मोबाइलमध्ये रात्रभर तोंड खुपसून बसा असं नाही हं! एवढंच की २७ हा आकडा ऐकून मान गळ्यात पट्टा घालून जपायची वस्तू होत नाही.

पाणी

राहता राहिली ती बिचारी गादी. तिला ‘चकती’ म्हणतात, पण ती आहे टायरसारखी. बाहेर तिरक्या धाग्यांचे थर, एका थराचे धागे इकडे झुकलेले तर पुढच्याचे तिकडे. आत पाण्याने गच्च भरलेला मऊ गर. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. मग तिला खाऊ-पिऊ कोण घालतं? शेजारच्या मणक्यांमधून पोषण झिरपत येतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं बाहेर जातं, रात्री आडवं झालो की ती ते परत शोषून घेते. म्हणून तर सकाळपेक्षा संध्याकाळी आपली उंची साधारण एक टक्क्याने कमी भरते!

मग भारच नको, असं म्हणावं तर तेही नाही. अंतराळात भार नसतो, गाद्या फुगतात, अंतराळवीरांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पण परतल्यावर त्यांच्यात गादी सरकण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. आणि ज्याला आपण हक्काचा उपाय समजतो ती ‘बेड रेस्ट’? १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात काहींना दोन दिवस आराम सांगितला, काहींना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच की दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या.

तेव्हा ‘सगळ्यात चांगलं पोश्चर कुठलं?’ या प्रश्नावर मी ज्या ज्या फिजिओथेरपिस्टशी बोलले, त्यांचं उत्तर फिरून एकाच जागी येत होतं : पुढचं! आत्ता ताठ बसला असाल तर पाच मिनिटांनी रेला, मग उठा, पाणी आणा, फोन चालता चालता घ्या. वजन उचलायचं तर अंगाजवळ धरा आणि हळूहळू वाढवत न्या. खांबाला हललं की तडे जातात. डोलकाठी मात्र हलती राहावी म्हणूनच दोरांवर उभी केलेली असते.

पुढच्या वेळी तो ‘गॅप’वाला पेन उचलून मागेल ना, तेव्हा त्याला हा अंक वाचायला द्या. मात्र अंक जमिनीवर ठेवून द्या!

चौकट १ : पेट्रोल पंपाच्या भाषेत

कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. उल्मच्या स्वयंसेवकाच्या गादीतला दाब त्याच मापात (पूर्णांकात) असा होता :

पाठीवर झोपून : १५
सात तास झोपून उठताना, गादी पाणी प्यायल्यावर : ३५
खुर्चीत रेलून, पसरून : ३९
न टेकता बसून : ६७
सहज उभं राहून : ७३
उभ्याने पुढे वाकून : १६०
२० किलो, गुडघे वाकवून उचलताना : २४७
२० किलो, पाठ गोल करून उचलताना : ३३४

चौकट २ : इथे मात्र थांबू नका

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, पाठदुखीसोबत ताप किंवा कारण नसताना वजन घटणं, मोठ्या अपघातानंतर किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.